खडेबाईंची उजळणी

ऑफिसात त्यांना सगळे खडेबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठ वळली की खडेबाई. खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, एक बारीक पांढरा खडा असतो. मासा वाढतो तसा खडाही वाढतो आणि दर वर्षी त्यावर एक रेघ उमटते. तो खडा काढायचा, कापून त्याची पातळ चकती करायची, मायक्रोस्कोपखाली धरायची आणि रेघा मोजून माशाचं वय सांगायचं, हे बाईंचं काम. तलावाकाठच्या त्या मत्स्य कार्यालयात बाकीचे जीवशास्त्रज्ञ पाण्याचे नमुने घेत, पिल्लं सोडत, बैठकांना जात. बाई आपल्या खोलीत खडे बघत बसत. खोली उत्तरेकडची, भिंतींना ओल आलेली, आणि फॉर्मॅलिनचा वास इतका मुरलेला की बाईंच्या डब्यालाही तो लागे. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

प्रत्येक माशाचा खडा छोट्या कागदी पाकिटात यायचा. पाकिटावर माशाची लांबी, वजन, नर की मादी, हे लिहिलेलं. बाई पाकीट हातात घेत, लांबीवर नजर टाकत, ‘सातएक वर्षांचा असेल’ असं मनाशी म्हणत आणि मग मायक्रोस्कोपला डोळा लावत. आत सात रेघा सापडतच. जास्त दिसल्या तर त्यातल्या काही खोट्या. माशालाही आजारपण येतं, उपासमार होते, आणि तेव्हा खड्यावर एखादी फुकटची रेघ उमटून जाते. खरी कुठली आणि खोटी कुठली हे ओळखण्यातच या धंद्याचं सगळं कसब आहे. बाईंचा त्यात हातखंडा होता. असं सगळे मानत, आणि सगळ्यांत आधी बाई.

स्वभाव म्हणाल तर करडा. नव्या माणसाने काही सुचवलं की त्या चष्मा काढून पुसायला घेत आणि चष्मा पुन्हा नाकावर चढला की विषय संपलेला असे. एरवी वाईट नव्हत्या. कुणाच्या घरी आजारपण आलं तर न विचारता त्याचं काम ओढून नेत. फक्त आपलं काम दुसऱ्याने तपासावं हे त्यांना कधी रुचलं नाही. दर वर्षी मोठ्या संस्थेत जीवशास्त्रज्ञांचा उजळणी वर्ग भरायचा. त्याचं पत्र आलं की बाई ते परस्पर कुणातरी ज्युनिअरच्या टेबलावर सरकवून द्यायच्या. ‘मी आता नव्याने बाराखडी गिरवू का? तूच जा, फिरून ये, फोटो काढून घे,’ म्हणायच्या. ज्युनिअर खूश होऊन जाई आणि बाईंचा खड्यांचा ढीग पुढे सरके.

लग्न केलं नव्हतं. जमलं नाही म्हणा किंवा जमवलं नाही म्हणा, दोन्ही ऐकू यायचं. घर म्हणजे धाकट्या भावाचं घर. वडील याच तलावावर मासे धरायचे, आणि त्यांच्यामागे भाऊ धरायला लागला. बहिणीने शिकावं म्हणून त्याने शाळा सोडली वगैरे काही नव्हतं. त्याला शाळेचा कंटाळा होता आणि होडीचं वेड होतं, एवढंच. बहीण पुस्तकात डोकं घालून बसायची आणि तो पाण्यात. रविवारी बाई त्याच्याकडे जेवायला जात. भावजय आग्रह करून वाढायची, भाऊ ऑफिसच्या साहेबाची टिंगल करायचा आणि बाई हसू दाबत म्हणायच्या, अरे, जरा हळू बोल, मला तिथेच नोकरी करायचीय.

तलावातला मोठा मासा म्हणजे काळपाठ्या. जाड, सावकाश, तळाशी राहणारा. काठावरच्यांचं पोट भरायचं ते त्याच्यावरच. तो जाळ्यात येईनासा झाला तेव्हा ऑफिसने मासेमारीला तलाव बंद करायचं ठरवलं, आणि किती वर्षं बंद ठेवायचा हे बाईंना विचारलं. बाईंनी खडे वाचून सांगितलं: हा मासा चौथ्या-पाचव्या वर्षी अंडी घालायला लागतो, झपाट्याने वाढतो, पाच वर्षं दम धरा. साहेबांनी ते मानलं. काठावरच्या बहुतेकांनी मानलं नाही. त्यांनी होड्या मिळेल त्या भावाला काढून टाकल्या, काहींनी तर फोडून सरपण केलं. बाईंच्या भावाने मात्र विकली नाही. तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायला जाऊ लागला, हाताची बोटं सुजवून घेऊ लागला, आणि कुणी विचारलं की म्हणायचा, माझ्या बहिणीने सांगितलंय पाच वर्षं. त्याच्या भरवशावर आणखी दोघातिघांनी होड्या ठेवल्या.

पाच वर्षं संपत आली तशी ऑफिसने चाचणीची जाळी टाकली. काळपाठे आले. चांगले हातभर लांब, भरलेले. बाईंनी लांबी बघितली, खडे वाचले, चार-पाच वर्षांचे ठरवले. म्हणजे बंदीतच जन्मलेले. म्हणजे नवी पिढी आली. तसा अहवाल त्यांनी लिहून दिला आणि त्या रविवारी जेवताना भावाला सांगूनही टाकलं. खरं तर सांगायचं नसतं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही चांगलं सांगण्यासारखं होतं, ते सांगितल्यावाचून त्यांच्याने राहवलं नाही. दुसऱ्याच दिवशी भावाने कारखान्याच्या मुकादमाला रामराम ठोकला आणि होडी उलटी घालून तिचा तळ खरवडायला घेतला. भावजय म्हणाली, अहो, आधी तलाव तर उघडू दे. तो म्हणाला, ताईने सांगितलंय ना.

इथे एक माशी शिंकली. वरून नवा नियम आला की वय ठरवणाऱ्या प्रत्येकाने उजळणी वर्ग केलेला हवा, नाहीतर त्याच्या सहीचा अहवाल पुढे जाणार नाही. साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावून अवघडत सांगितलं, बाई, नाइलाज आहे, एवढ्या आठवड्यापुरतं जाऊन या, सही तुमचीच लागणार. बाईंनी चष्मा पुसला. पण या वेळी विषय संपला नाही.

वर्ग होता दुसऱ्या शहरात, एका जुन्या संस्थेच्या मागच्या इमारतीत. राहायला वसतिगृहाची खोली मिळाली: लोखंडी खाट, एक खुर्ची, खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. वर्गात निरनिराळ्या ऑफिसांतले वीसेक जण जमले होते. अर्धेअधिक बाईंच्या ज्युनिअरच्या वयाचे. शिकवायला जे गृहस्थ होते त्यांना सगळे मास्तर म्हणत. हडकुळे, हळू आवाजाचे, बोलता बोलता खडू खिशात टाकणारे, त्यामुळे कोटाचा खिसा कायम पांढरा. पहिले दोन दिवस पडद्यावर चित्रं आणि आलेख झाले. मागच्या रांगेतले पेंगले. शेजारी बसलेला एक जाडजूड जीवशास्त्रज्ञ बाईंना हळूच म्हणाला, आपल्याला पोहायला शिकवतायत. बाई हसल्या. घरी भावाला सांगायला हे वाक्य त्यांनी लक्षात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी प्रत्येकापुढे एक मायक्रोस्कोप आणि पाकिटांचा डबा ठेवला गेला. बाईंना बरं वाटलं. आता कुठे कामाचं काही निघालं. त्यांनी पहिलं पाकीट उचललं आणि थबकल्या. लांबीच्या जागी काळी शाई फासलेली होती. दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. त्यांनी हात वर करून मास्तरांना बोलावलं आणि या पाकिटांवर लांबी दिसत नाही असं जरा ठसक्यातच सांगितलं.

“दिसणार नाही,” मास्तर म्हणाले. “आम्ही झाकलीय. नुसता खडा बघून सांगा.”

यात काय विशेष, असं म्हणून बाईंनी डोळा लावला. लहान माशांचे खडे ठीक होते, तीन म्हणजे तीन. पण मोठ्या खड्यांत मधल्या जाड रेघांच्या पुढे, अगदी कडेला, बारीक रेघांची दाटी होती, एकीला एक चिकटून. ही दाटी त्यांनी आयुष्यभर बघितली होती आणि आयुष्यभर खोटी म्हणून सोडून दिली होती. आता कुठे थांबायचं हे सांगायला पाकिटावर काहीच नव्हतं. त्यांनी एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, दोन्ही वेळा वेगळं आलं. शेजारचा जाड्या केव्हाच उरकून नखं बघत बसला होता. बाईंनी मोठ्या माशांपुढे अंदाजपंचे आकडे टाकले.

दुपारी डबे बदलून आले. या वेळी पाकिटांवर लांबी होती. बाईंना हायसं वाटलं. हात सराईतपणे चालायला लागला, रेघा जिथल्या तिथे दिसायला लागल्या, आणि सगळ्यांच्या आधी त्यांचा डबा संपला.

मास्तरांनी निकाल पडद्यावर लावला. नावं नव्हती, नुसती अक्षरं, पण आपलं अक्षर प्रत्येकाला ठाऊक. मग त्यांनी सांगितलं की सकाळचे आणि दुपारचे खडे एकच होते. दुपारच्या पाकिटांवरच्या लांब्या त्यांनी मनाने लिहिल्या होत्या, लांब माशाला आखूड, आखूड माशाला लांब. आणि हे सगळे काळपाठेच, पण खऱ्या वयाची खात्री असलेले. पिल्लू असताना एका रसायनात बुडवून दुसऱ्या एका तलावात सोडलेले. ते रसायन खड्यात मुरतं आणि ठरावीक उजेडात चमकतं, तेव्हा कुठल्या साली सोडला यात वादच नाही.

एका खड्याला बाईंनी सकाळी चाचपडत एकोणीस वर्षं दिली होती. त्याच खड्याला दुपारी, आखूड लांबी वाचून, छातीठोकपणे सहा. मासा अठ्ठावीस वर्षांचा होता.

वर्गात थोडी कुजबुज, थोडं हसू. चुकले बरेच जण होते. जाड्याने मायक्रोस्कोपच्या भिंगाला दोष दिला. मास्तर कुणालाच बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की हा मासा पहिली काही वर्षं वाढतो आणि मग लांबीने जवळपास थांबतो, पण जगत राहतो. लांबी थांबते, रेघा थांबत नाहीत. आपण लांबी आधी वाचली की डोळा तेवढ्याच रेघा शोधतो आणि बाकीच्यांना खोटं ठरवतो. हे सगळ्यांचं होतं. म्हणून तर हा वर्ग दर वर्षी भरवतो.

‘दर वर्षी’ हे शब्द बाईंच्या कानात राहिले. संध्याकाळी सगळे पांगल्यावर त्या मास्तरांच्या टेबलाजवळ गेल्या. हातभर काळपाठ्या साधारण किती वर्षांचा असावा, असं त्यांनी दुसऱ्या कुणाबद्दल विचारावं तसं विचारलं.

“हातभर? बारा असेल, नाहीतर चाळीसही असेल,” मास्तर म्हणाले. “लांबीवरून सांगताच येत नाही. अंडी घालायलाच तो बाराव्या-तेराव्या वर्षी लागतो. तुमच्याकडे आहेत का?”

आहेत, बाई म्हणाल्या, आणि आभार मानून खोलीवर आल्या. खाटेवर बसल्या तशा बसूनच राहिल्या. वर्गाचा शेवटचा दिवस फोटोचा आणि प्रमाणपत्रांचा. फोटोत बाई पहिल्या रांगेत आहेत, वयामुळे मधोमध बसवलेल्या. चेहरा असा की जणू त्यांना कुणी उचलून तिथे ठेवलंय.

परत आल्यावर त्यांनी चाचणीत धरलेल्या माशांचे खडे कपाटातून काढले. शेजारच्या खोलीतल्या सहकारिणीला म्हणाल्या, या सगळ्यांवर चिकटपट्टी लाव, मला लांबी दिसता कामा नये, आणि का ते विचारू नकोस. ती बिचारी लावत बसली. बाई वाचत बसल्या. या वेळी त्यांनी कडेची दाटी सोडली नाही, एकेक रेघ मोजली, प्रत्येक खडा पुन्हा पुन्हा घेतला. बाहेर ऑफिस सुटायची घंटा होत होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायची. एकही मासा पाच वर्षांचा निघाला नाही. पंचविशीच्या आतला एकही नव्हता. ती नवी पिढी नव्हती. ते म्हातारे होते, बंदीच्या कितीतरी आधीपासून जगत आलेले, बाईंचे वडील जाळं टाकायचे तेव्हाही पाण्यात असलेले आणि त्यांना चुकवून राहिलेले. चाचणीचं जाळं मोठ्या डोळ्यांचं, त्यात पिल्लू अडकायचंच नाही, म्हणून पिल्लं असली-नसली कळायला मार्ग नव्हता. असतीलही, पण असली तरी ती मोठी होऊन अंडी घालेपर्यंत अजून सातआठ वर्षं जायची, आणि तेवढ्याने तलाव भरत नाही. त्यांच्या पुढच्या पिढीपर्यंत थांबायला हवं होतं. तोवर अंडी घालायला तलावात जे काही होतं ते हेच म्हातारे, आणि तलाव उघडला की पहिल्या जाळ्यात तेच येणार.

यानंतरचे काही दिवस बाईंनी काहीच केलं नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. त्या रोज ऑफिसात गेल्या, अहवालाची प्रत टेबलावर उपडी ठेवली आणि दुसरीच कामं काढून बसल्या. त्यांच्या मनात जे आलं ते कुणाच्याही मनात येईल. म्हाताऱ्या माशांवर दोन हंगाम आरामात निघाले असते. भाऊ पन्नाशी ओलांडलेला, दोन हंगाम त्याचे मजेत गेले असते, होडीची मरम्मत वसूल झाली असती, लोकांत मान राहिला असता. आणि पुढे तलाव रिकामा झाला तर त्याला शंभर कारणं देता आली असती. पाणी, हवा, चोरून मासे धरणारे. खडे वाचणारं दुसरं होतंच कोण? त्यांना स्वतःची इतकी किळस आली की डबा उघडवेना. पण गप्प राहण्याचा विचार काही जात नव्हता. तो सकाळी त्यांच्याबरोबर ऑफिसात येत होता आणि संध्याकाळी घरी परत जात होता.

शेवटी त्या साहेबांकडे गेल्या आणि अहवाल मागे घेते म्हणाल्या. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने दार लावून घेतलं, पाणी मागवलं आणि समजूत घातली. प्रमाणपत्र आलंय, सही चालणार आहे, तलाव उघडायचं सगळीकडे कळवलंय, लोक होड्यांना डांबर लावतायत. नवी पद्धत पुढच्या वर्षीपासून लागू करू. जुनं सगळं उकरलं तर आधी बंदी पाच वर्षांची का ठेवली हेही विचारतील, आणि नाव तुमचं खराब होईल. मग म्हणाला, तुमचा भाऊही आहे ना त्यात.

“आहे,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच इतके दिवस लावले. आता लावत नाही.”

नवा अहवाल त्यांनी तिथेच, साहेबांच्या टेबलाच्या कोपऱ्याशी बसून लिहिला. वीस वर्षं तरी तलाव बंद ठेवावा, असं त्यात होतं. आधीची वयं चुकीची होती आणि ती कुणी वाचली होती, हेही होतं. साहेबांनी वाचून डोक्याला हात लावला आणि पुढे पाठवला.

भावाला सांगायला बाई रविवारपर्यंत थांबल्या नाहीत. ऑफिसातून थेट काठावर गेल्या. होडी सुलटी करून ओंडक्यांवर ठेवली होती. तळाला चार नव्या फळ्या, डांबर अजून ओलं. भाऊ हात पुसत पुढे आला आणि मोठ्या कौतुकाने एकेक फळी दाखवायला लागला. इथली कुजली होती, ही बदलली, ही बदलायला नको होती पण बदललीच. बाईंनी त्याला पूर्ण बोलू दिलं. एवढी एक गोष्ट त्यांना त्याच्यासाठी करता येण्यासारखी होती. मग त्यांनी सांगितलं. वर्गात काय झालं ते, झाकलेली लांबी, कडेच्या रेघा, बाबांच्या वेळचे मासे. एरवी चार वाक्यांत उरकणाऱ्या बाई त्या दिवशी अडखळत, मागेपुढे करत बोलल्या.

भाऊ होडीच्या काठाला टेकून ऐकत होता. डांबर सदऱ्याला लागत होतं, त्याच्या लक्षात आलं नाही.

“किती वर्षं?” त्याने विचारलं.

“वीस.”

“हे नक्की?”

“नक्की.”

“मागच्या वेळीही तू नक्कीच म्हणाली होतीस.”

त्याने मनात हिशेब केला असावा, कारण त्याची नजर एकदा होडीवर गेली आणि एकदा स्वतःच्या हातांवर. कारखान्यात परत घेतील का, असं बाईंनी विचारलं. तो म्हणाला, जागा भरली. ज्या दोघातिघांनी त्याच्या शब्दावर होड्या ठेवल्या होत्या ते पलीकडेच काम करत होते, हातोडीचे आवाज येत होते. त्यांना मी सांगू का, बाई म्हणाल्या. त्याने मान हलवली. मी त्यांना शब्द दिला होता, मीच सांगतो.

त्या निघाल्या तेव्हा त्याने हाक मारली. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

“ताई, तू ऑफिसात खरं सांगितलंस ते बरोबरच केलंस,” तो म्हणाला. “पण यापुढे मला घरी येऊन काही सांगत जाऊ नकोस. तलावाचं काय ते ऑफिसची नोटीस लागेल तेव्हा मी वाचेन. सगळे वाचतात तसं.”

रविवारी बाई गेल्या नाहीत. भावजयीचा फोन आला, या की, असं काय करता, म्हणाली. पण मागे भावाचा आवाज नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारी फोनही आला नाही.

नोटीस महिन्याभराने निघाली. काठावरच्या फलकावर ती लावायला शिपाई निघाला तेव्हा बाई त्याच्याबरोबर गेल्या. लोक विचारतील, कुणीतरी समजावून सांगायला हवं, असं त्या साहेबांना म्हणाल्या. फलकापाशी बरीच माणसं जमली. काही मोठ्याने बोलली, एकाने शिवी हासडली, बाईंनी ती ऐकून घेतली आणि विचारलं त्याला उत्तर दिलं. भाऊ मागे उभा होता. गर्दी पातळ झाली तसा तो पुढे आला, चष्मा लावला आणि नोटीस पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचली. त्यातलं अक्षर न् अक्षर त्याला आधीच ठाऊक होतं. बाई हातभर अंतरावर उभ्या होत्या.

गावात नव्यानेच आलेला एक फेरीवाला त्याच्या बाजूला उभा होता. त्याला वाचता येत नसावं. त्याने भावाला विचारलं की या कोण, यांनाच सगळे का बोलतायत.

“ऑफिसातल्या बाई आहेत,” भाऊ म्हणाला. “माशांचं वय सांगतात.”

आणि चष्मा खिशात ठेवून तो घराकडे निघून गेला.